पाळणा तुटला तर भरपाई कोणी द्यायची? मालकाने, यात्रा समितीने की परवाना देणाऱ्याने?

पाटीवाचक
जत्रेत ब्रेकडान्स, टोराटोरा, आकाशपाळणा, कुठलंही तिकीटघर बघा, पाटी असतेच: ‘स्वतःच्या जबाबदारीवर बसावे’. या पाटीला कोर्टात फारशी किंमत नाही. 2019 मध्ये ताज महाल हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगच्या पावतीवरच्या अशाच मजकुराबद्दल सांगितलं की, स्वतःच्या निष्काळजीपणातून असं छापून सुटता येत नाही. तिथे गाडी चोरीला गेली होती, इथे माणसाची हाडं मोडतात.

पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे. 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरियात झोपाळ्यासारख्या राइडचा मुख्य खांब तुटला, दोघं गेले, पंचवीसहून जास्त जखमी झाले. राइड खासगी ठेकेदाराची, जागा महापालिकेची. अशा वेळी चालक-मालकाला अटक होते आणि बाकीचे हात झटकतात. भाडं घेणारी संस्था आणि राइड तपासल्याच्या दाखल्यावर सही करणारा अधिकारी, दोघांनाही भरपाईत वाटा उचलायला लावला पाहिजे.

कलम_पोटकलम
पाटीबद्दल सहमत. अधिकाऱ्याबद्दल साफ असहमत, कारण हे आधीच लढून झालंय. उपहार चित्रपटगृहाची आग, 13 जून 1997, 59 मृत्यू. दिल्ली उच्च न्यायालयाने भरपाई वाटून दिली: मालक 55 टक्के, वीज मंडळ, महापालिका आणि परवाना देणारे पोलीस प्रत्येकी 15 टक्के. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये महापालिका आणि परवाना अधिकाऱ्यांना वगळलं. मालक 85, वीज मंडळ 15. तपासणीत हलगर्जी झाली एवढ्यावर परवाना देणाऱ्याकडून पैसे मिळत नाहीत, दुष्ट हेतू दाखवावा लागतो. तेव्हा जखमी माणसाने अधिकाऱ्यामागे दहा वर्षं घालवू नयेत.

यात्रा समितीचं वेगळं. ती परवाना देत नाही, मैदान देते आणि भाडं घेते. मैदानात शिरायला तिने तिकीट लावलं असेल तर आत येणारा तिचाही ग्राहक, म्हणजे तिच्याविरुद्धही ग्राहक आयोगात जाता येतं. प्रवेश फुकट असेल तर तिच्यावरचा दावा दिवाणी न्यायालयात न्यावा लागेल.

टॉर्क_रेंच
दाखल्यावर सही करणाऱ्याला झोडपण्याआधी दाखला कशाचा असतो ते बघू. यांत्रिकी तपासणी राइड उभी केल्यावर, साधारण पहिल्या दिवशी होते. फिरता पाळणा गावोगाव उतरवून पुन्हा चढवला जातो. चढवताना 8.8 ग्रेडचा बोल्ट हरवला की त्याच मापाचा 4.6 चा बसवतात. दिसायला सारखाच, ताकद निम्मी (ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेली असते, पण बघतो कोण?). नायलॉक नट पुनःपुन्हा वापरून त्याची नट सुटू न देणारी नायलॉनची कडी ढिली पडते. सेफ्टी बारच्या (बसणाऱ्याला अडवणाऱ्या आडव्या दांड्याच्या) पिनेत क्लिपऐवजी बांधकामाची तार पिळलेली असते. पाऊस पडला की लाकडी स्लीपरखालची माती बसते, पाळणा एका बाजूला कलतो आणि सगळा भार तिकडच्या बेअरिंगवर जातो.

मुख्य शाफ्ट (ज्यावर पाळणा फिरतो तो दांडा) मात्र एका रात्रीत तुटत नाही. वेल्डच्या कडेला किंवा जिथे व्यास बदलतो तिथे भेग सुरू होते आणि हजारो फेऱ्यांत वाढते. वरून ऑइलपेंट मारला की डोळ्याला काही दिसत नाही. रंग खरवडून डाय पेनिट्रंट चाचणी (भेगेत रंगीत द्रव झिरपवून ती दाखवणारी) आणि शाफ्टची अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची चाचणी, एवढं केलं तर भेग सापडते.

म्हणून माझ्या लेखी जबाबदारी दिवसावर ठरावी. आठव्या दिवशी बोल्ट निघाला तर तो मालकाचा, कारण रोज सकाळी रिकामी फेरी आणि नटबोल्ट तपासणी त्याचं काम. जुनी, गंजलेली भेग निघाली तर चाचणीचा कागद न मागता सही करणाराही जबाबदार, मग न्यायालयाने काही का म्हटलेलं असेना.

मैदानकर
सगळे मालकावर तुटून पडलात. पाळणा वर गेल्यावर सेल्फीसाठी बार ढकलून उभं राहणारे, उंचीच्या खुणेला न पोचणारं पोर मांडीवर घेऊन बसणारे, दारू पिऊन येणारे, यांचं काय? दिल्लीच्या विषारी वायू गळतीच्या 1986 च्या निकालातली ‘कोणतीही सबब नाही’ ही जबाबदारी इथे लावा म्हणणारेही भेटतात. तो निकाल घातक उद्योगांसाठी होता. पन्नास रुपयांच्या तिकिटावर ते ओझं टाकलंत तर छोटे पाळणेवाले संपतील आणि जत्रेत फक्त भेळ उरेल.

टॉर्क_रेंच
बार प्रवाशाला उघडता येत असेल तर तो बार नाही, शोभेची नळी आहे. कुलूप चालकाच्या बाजूने उघडलं पाहिजे. पोर मांडीवर बसलं ते चालकाने बसू दिलं म्हणून. गो-कार्टच्या मागच्या फिरत्या आक्सलमध्ये केस किंवा ओढणी अडकणं सगळ्यांना ठाऊक असलेला धोका आहे. आक्सलवर झाकण बसवणं आणि केस बांधल्याशिवाय गाडी न सोडणं, दोन्ही मालकाच्या हातात. वाऱ्याचंही तसंच: सेकंदाला 15 मीटर, म्हणजे ताशी 54 किलोमीटरला राइड थांबवायची. किती मैदानांवर वारामापक असतो?

उभं राहणाऱ्या दारुड्याबद्दल मात्र मैदानकरांशी सहमत. त्याची भरपाई कापली जावी.

कलम_पोटकलम
कापली जातेही. सहभागी निष्काळजीपणा सिद्ध करायचा भार मात्र मालकावर. आणि मैदानकर, 1986 च्या निकालाची इथे गरजच नाही, ग्राहक कायद्यातली ‘सेवेतील त्रुटी’ पुरते.

फौजदारी बाजू: मृत्यू असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत कैद. यंत्राबाबतच्या हयगयीला 289, तिथे जेमतेम सहा महिने. यातून शिक्षा होते, पण दवाखान्याचं बिल भागत नाही.

बिलासाठी ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. कोणता आयोग हे दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे तिकिटाच्या पैशांवर ठरतं, त्यामुळे भरपाई कितीही मागा, दावा जिल्हा आयोगातच जातो आणि फी लागत नाही. एक खाच लक्षात ठेवा: पाटीला ‘अनुचित करार’ म्हणून आव्हान देऊ नका, तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही.

पहिल्या दोन दिवसांत दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद करून घ्या, तिकीट किंवा मनगटाचा पट्टा जपा, पंचनाम्यात तुटलेला भाग सीलबंद झाल्याचं लिहून घ्या आणि सीसीटीव्ही जपून ठेवण्याची लेखी नोटीस द्या. तुटका बोल्ट भंगारात गेला की तज्ज्ञाकडे पाठवायला काही उरत नाही.

पाटीवाचक
उपहारचा मुद्दा मान्य, पण तो निकाल बदलायला हवा असं माझं मत कायम आहे. तोवर समितीने मैदान देतानाच सार्वजनिक दायित्व विम्याची (लोकांना झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या विम्याची) अट घातली तर?

मैदानकर
अट घाला, हरकत नाही. फक्त 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचा हवाला देऊ नका, तो घातक रसायनांसाठी आहे. पॉलिसी ऐच्छिकच घ्यावी लागते.

कलम_पोटकलम
आणि पॉलिसीची फक्त पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊ नका. दोन आकडे बघा: एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची एकूण मर्यादा. शिवाय पॉलिसीतला राइडचा अनुक्रमांक मैदानावर उभ्या असलेल्या पाळण्याशी जुळतो का, तेही.