‘टेन्शन आलंय’ एवढ्यावर भागत नाही

अडचणीच्या काळात “मन घट्ट केलं की सगळं निभावतं” असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. माझे वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. कारखाना बंद पडला तेव्हा मन त्यांनी घट्टच केलं होतं. “काय झालं नाही” एवढंच म्हणायचे, आणि आमटीत मीठ जरा जास्त पडलं की ताट सरकवून उठायचे. वर्षभर आम्ही त्यांच्या चपलांच्या आवाजाला दबकून होतो. एकदा काकांनी त्यांना सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसवून विचारलं, “दादा, राग आलाय का भीती वाटतीय?” बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “लाज वाटतीय.” काम काही मिळालं नाही, पण त्या रात्री ते झोपले, आई अजून सांगते.

भावनेला नेमका शब्द दिला की ती जरा हलकी होते, याला संशोधनाचा थोडा आधारही आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला तेव्हा अमिग्डालाची, म्हणजे धोक्याला चटकन जागं होणाऱ्या भागाची, सक्रियता कमी झाली. त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव जोडलं तेव्हा तेवढी नाही. आपल्याकडे घालमेल, हुरहूर, धास्ती, चरफड असे किती नेमके शब्द आहेत, आणि आपण सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणतो (मीसुद्धा).