बातमीत काय येतं आणि काय राहून जातं

मारहाणीच्या बातम्यांमुळेच डॉक्टरांची बाजू लोकांना कळते, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मार्च २०१७ मधलं धुळ्याचं प्रकरण घ्या. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण सरकारी रुग्णालयात आला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता, म्हणून निवासी डॉक्टरने दुसरीकडे न्यायला सांगितलं. नातेवाइकांनी त्याला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. पुढे राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि मथळे 'रुग्णांचे हाल'वर सरकले. न्यूरोसर्जन का नव्हता, हे विचारणारे फार थोडे.

२०१० च्या राज्याच्या कायद्यात हल्ल्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. हे निदान छापून तरी येतं. पण त्याच कायद्यात रुग्णांचं गाऱ्हाणं ऐकायला प्राधिकरणाची तरतूद आहे, हे किती बातम्यांत वाचलंत?

माझ्या वडिलांना आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा तिथली तरुण डॉक्टर आमच्याशी बोलताना सिक्युरिटीवाल्याला जवळ उभं करायची. आम्ही चौघं होतो, सगळे घाबरलेले. तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते मला अजून लागतं. आणि तिचंही चुकलं असं म्हणवत नाही.