गोविंद म्हणजे 'गाई राखणारा' एवढंच का?

गंगापूर रोड:
भाच्याच्या मुलाचं बारसं आहे. नाव ठरलं गोविंद, त्याच्या पणजोबांचं. पत्रिकेत नावाखाली अर्थ छापायची हल्ली पद्धत पडली आहे, म्हणून घरातल्या कुणीतरी मोबाइलवरच्या नावांच्या यादीतून ओळ उचलली: 'गोविंद – गाई राखणारा, श्रीकृष्ण'. माझा याला विरोध आहे. का ते नीट मांडतो, मग तुम्ही बोला.

गाई राखणारा तो गोपाळ, गोप, गोरक्ष. राखणं, पाळणं त्या नावांत आहे. गोविंदात ते नाही. गोविंदात 'विंद' आहे. विद् धातूचं विन्दति हे रूप, म्हणजे मिळवतो, हुडकून काढतो. पाणिनीच्या सूत्रावरच्या वार्तिकात, म्हणजे पूरक नियमांत, 'गवादिषु विन्देः संज्ञायाम्' असा नियम आहे आणि त्याची उदाहरणं गोविंद आणि अरविंद. म्हणजे हा शोधणारा आहे, राखणारा नव्हे.

आणि हे नुसतं व्याकरण नाही. ऋग्वेदात इंद्राला 'गोविद्', म्हणजे गाई शोधून मिळवणारा, म्हटलंय: 'गोत्रभिदं गोविदं वज्रबाहुम्'. पणी नावाच्या शत्रूंनी गाई डोंगरातल्या गुहेत कोंडल्या, इंद्राच्या सरमा नावाच्या कुत्रीनं माग काढला, इंद्रानं त्या सोडवून आणल्या, ती कथा यामागे उभी आहे. महाभारतात शांतिपर्वात नारायण स्वतःच्या तोंडानं सांगतो, 'नष्टां च धरणीं पूर्वमविन्दं वै गुहागताम्', गुहेत गेलेली हरवलेली पृथ्वी मी शोधून काढली, म्हणून देवांनी मला गोविंद म्हटलं. इथे गो म्हणजे पृथ्वी. शंकराचार्य विष्णुसहस्रनामावरच्या भाष्यात तिसराही अर्थ देतात: गो म्हणजे वाणी, ती मिळवून देणारा तो गोविंद. अमरकोशात तर 'गो'चे दहा अर्थ एका दमात दिलेत: स्वर्ग, बाण, पशू, वाणी, वज्र, दिशा, नेत्र, किरण, भूमी, जल.

गो बदलत राहतो, विंद बदलत नाही. गुहेतल्या गाई असोत की गुहेतली पृथ्वी, जे हरवलंय ते हा शोधून आणतो. माझ्या मते पत्रिकेत तेच छापावं: 'हरवलेलं शोधून आणणारा'. आपल्या पोराला एवढा मोठा अर्थ मिळत असताना यादीतली ओळ कशाला चिकटवायची?

पंचवटीची मावशी:
दादा, लिहिलंत छान, पण मला पटलं नाही. नाव ठेवताना आपण धातू पाहत नाही, देव पाहतो. केशव, नारायण, माधव म्हणत तीन वेळा पाणी प्यायचं आणि गोविंदाय नमः म्हणत हातावरून ताम्हनात सोडायचं, हे मुंजीपासून हातात बसलेलं असतं. तिथे गोविंद म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. गोकुळातला तो.

आणि बारशाचंच बोलायचं तर आधी पाळण्याकडे बघा. बाळाला घालायच्या आधी वरवंट्याला कुंची घालतात, त्याला गोप्या म्हणतात. दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि तो गोप्या पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' मग बाळाला तसंच. मुलगी असली तरी हेच म्हणतात. त्यानंतर आत्या कानात नाव सांगते. म्हणजे खरं नाव कानात पडायच्या आधी आपल्याकडचं प्रत्येक मूल एकदा गोविंद होऊन जातं. तिथे गोविंद आणि गोपाळ एका श्वासात येतात. तुम्ही त्यांना वेगळं काढताय, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र ठेवलंय. गाई राखणारा हाच अर्थ लोकांचा आहे, आणि नाव लोकांचं असतं.

प्राकृतप्रेमी:
दोघांशीही असहमत. मूळ पोस्टचा सगळा डोलारा 'विंद'वर उभा आहे आणि तोच तपासून पाहायला हवा.

इंद्रानं कोपून पाऊस पाडला, कृष्णानं गोवर्धन उचलला, आणि शेवटी इंद्रच येऊन त्याला अभिषेक करतो. हरिवंशात त्या वेळी तो म्हणतो, 'अहं किलेन्द्रो देवानां त्वं गवामिन्द्रतां गतः'. मी देवांचा इंद्र, तू गाईंचा इंद्र झालास, लोक तुला गोविंद म्हणतील. विष्णुपुराणातही असंच आहे. म्हणजे पुराणं 'विंद'चा अर्थ 'इंद्र' असा लावतात. संस्कृत व्याकरणानं गो आणि इंद्र जोडले तर गवेंद्र होतं, गोविंद नाही. पण प्राकृतात पाहा. गोपेंद्र. दोन स्वरांमधल्या प-चा व होतो: दीपचा दिवा, तापचा ताव, गोपालचा गोवळ. इंद्रातला र गळतो आणि आधीचा ए आखडतो: नरेंद्राचा नरिंद, महेंद्राचा महिंद. मग गोपेंद्राचा गोविंद झाला, यात नवल काय? बोलीतलं रूप संस्कृतात शिरलं आणि पंडितांनी नंतर त्याला विद् धातू जोडला, असं भाषेच्या अभ्यासात अनेकांनी मानलंय.

हे असं कसं होईल असं ज्याला वाटतं त्यानं आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊन भिंती वाचाव्यात. गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम ज्या अमात्याला गेला तो 'गोवधने' होता आणि त्याचं नाव 'विण्हुपालित'. गोवर्धनाचा गोवधन आणि विष्णूचा विण्हु, दगडात कोरलेला. ते गोवर्धन म्हणजे व्रजातलं नव्हे, आपलं, गंगापूर रोडला पुढे लागणारं. एवढ्या मोठ्या राजाच्या दप्तरात बोलीतली रूपं चालत होती. तेव्हा पत्रिकेत लिहायचंच तर 'गोपांचा इंद्र' लिहा.

गंगापूर रोड:
प्राकृतप्रेमी, प-चा व होतो हे मान्यच आहे, त्यावर वाद नाही. पण जे होऊ शकतं ते झालंच, असं त्यातून निघत नाही. ऋग्वेदातला गोविद् हा शब्द तुम्ही कुठे ठेवणार? तो गोपेंद्राच्या आधीचा, शुद्ध संस्कृत, आणि अर्थानं तंतोतंत जुळणारा. विष्णुसहस्रनामातली ओळच पाहा: 'अनिरुद्धः सुरानन्दो गोविन्दो गोविदां पतिः'. गोविंदाला खेटून गोविद् बसलाय. हे नाव त्या स्तोत्रात दोनदा येतं, 187वं आणि 539वं. दुसऱ्या वेळी त्याच्या आधी कोण आहे? 'महावराहो गोविन्दः'. पृथ्वी शोधून वर काढणारा वराह. रचणाऱ्याच्या कानात 'शोधणं' वाजत होतं, याहून आणखी काय पुरावा हवा?

मावशी, तुमचं गोप्याचं वर्णन वाचून बरं वाटलं, ते आमच्याकडे होणारच आहे. पण 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' यात दोन नावं आहेत. एकाच अर्थाची असती तर दोनदा का घेतली असती?

पंचवटीची मावशी:
ताल जमतो म्हणून. पाळण्यापाशी उभ्या राहा कधीतरी म्हणावं घरातल्यांना, कळेल.

त्रिरश्मी:
सगळे वेद-पुराणांतच फिरताहेत म्हणून लिहितो. पांडवलेण्यांचा उल्लेख झाला, पण ती लेणी ज्या बौद्धांची, त्यांच्या वाङ्मयात गोविंद कोण आहे हे कुणी विचारलं नाही.

दीघनिकाय या पाली ग्रंथात महागोविंद सुत्त आहे. दिसंपती राजाचा गोविंद नावाचा ब्राह्मण पुरोहित. तो वारल्यावर त्याचा मुलगा जोतिपाल याला त्या जागी बसवतात, त्याला अभिषेक होतो आणि लोक त्याला महागोविंद म्हणू लागतात. आता सांगा, बापाच्या जागी बसल्यावर मुलाला मिळतं ते नाव की पद? जोतिपाल हे त्याचं नाव होतंच. हा गोविंद गाई राखत नाही, पृथ्वीही वर काढत नाही. तो राज्याचा कारभार बघतो, सल्ला देतो, राज्याची सात भागांत वाटणी करून देतो. त्या सात राजधान्यांत 'अस्सकानञ्च पोतनं' आहे, म्हणजे अश्मकांचं पोतन. अश्मक आपल्या गोदावरीच्या काठचा देश. शेवटी हा महागोविंद सगळं सोडून प्रव्रज्या घेतो, आणि बुद्ध सांगतात की तो पूर्वजन्मी मीच होतो.

माझं म्हणणं साधं आहे. गोविंद हे नाव एकट्या कृष्णाच्या मालकीचं नाही. पत्रिकेत 'श्रीकृष्ण' छापलंत की बाकीचे सगळे गोविंद बाहेर राहतात.

निफाडची सून:
तुमच्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण मूळ प्रश्न पत्रिकेचा आहे, आणि माझं मत अर्थ छापूच नये असं आहे.

पणजोबांचं नाव ठेवताय ना? मग अर्थ पणजोबाच. न्यायमूर्ती रानडे आमच्या निफाडला 1842 साली जन्मले, महादेव गोविंद. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला 1870 साली, धुंडिराज गोविंद. दोघांच्याही मधलं नाव बापाचं. एकाच जिल्ह्यात दोन गोविंदराव, आणि त्यांचं नाव जगापुढे गेलं ते मुलांमुळे. त्यांच्या बारशाला कुणी धातू शोधला असेल? आजोबाचं नातवाला द्यायचं, एवढीच रीत.

उलट दिशेनं पाहायचं तर स्वातंत्र्यकवी गोविंद, आपल्या नाशिकचेच, गोविंद त्र्यंबक दरेकर. पायांनी अधू, पण त्यांच्या कविता सावरकरांच्या मित्रमेळा या संघटनेत गायल्या जायच्या. त्यांनी आडनाव टाकून नुसतं 'गोविंद' ठेवलं आणि नाशिककरांना तेवढं पुरलं. विंदा करंदीकरांनी याच नावाचा उत्तरार्ध घेऊन टोपणनाव केलं. गडकरी गोविंदाग्रज झाले. एकाच नावाचे इतके तुकडे माणसांनी आपापल्या परीनं वापरलेत. अर्थ माणूस भरतो.

वणीकर:
निफाडच्या ताईंना दुजोरा, आणि थोडी भर. राजांची नावं पाहा. राष्ट्रकूटांत चार गोविंद झाले. त्यातल्या तिसऱ्याचा ताम्रपट आमच्या वणीला मिळालाय, शके 730 चा. उत्तरेपर्यंत स्वाऱ्या करणारा राजा. त्याच्या वंशातल्या चौथ्या गोविंदाला कोरीव लेखांत 'गोज्जिग' असंही म्हटलंय. म्हणजे सम्राटाच्या नावाचाही घरगुती गोंदू व्हायचाच. आणि गोदावरीच्याच काठी, खाली नांदेडला, 1708 साली गुरू गोबिंदसिंगजींनी देह ठेवला. तिथे व-चा ब झाला, अर्थाला धक्का लागला का?

कॉलेज रोडची आई:
मला या सगळ्यात बाळाची काळजी वाटते. शाळेत त्याला गोंद्या म्हणतील, दहीहंडी आली की 'गोविंदा' म्हणून ओरडतील. चारशे ओळींचा अर्थ पत्रिकेत छापून ते थांबणार आहे का? माझ्या मुलाचं जुन्या वळणाचं नाव आहे आणि तो पहिलीपासून ते सांगायला लाजतो. सासऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून ठेवलं. आईला विचारलंय का कुणी?

गंगापूर रोड:
ताई, विचारलंय. नाव तिनंच सुचवलं. घरच्यांनी दोन अक्षरी नावं काढली होती, तिनं तिच्या आजेसासऱ्यांचं धरलं. त्यामुळे ती बाजू निर्धास्त आहे. आणि दहीहंडीच्या दिवशी आख्खी गल्ली आपल्या नावानं ओरडते, याचं लहान मुलाला अप्रूपच वाटेल, हे मी मनापासून म्हणतो. लाज वाटते ती बहुधा नावाबद्दल घरात कुणी काही सांगितलेलं नसतं तेव्हा. म्हणूनच तर अर्थासाठी भांडतोय.

निफाडच्या ताई, अर्थ माणूस भरतो हे खरं, पण विंदांनी नेमका 'विंद'च उचलला, 'गो' नाही, हे तुम्हीच सांगितलंत.

त्रिरश्मी, तुमचा महागोविंद मला सगळ्यांत जास्त भिडला. पोतनचा उल्लेख बाळाला नक्की सांगितला जाईल. 'श्रीकृष्ण' हा शब्द मात्र काढणार नाही, पणजोबा एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला पायी जायचे, त्यांच्या मनात दुसरा गोविंद नव्हता.

त्रिरश्मी:
काढू नका. फक्त पुढे 'आणि' लिहा. श्रीकृष्ण आणि महागोविंद. एका ओळीत दोन्ही मावतात.

प्राकृतप्रेमी:
मावतात. पण 'शोधून आणणारा' हा एकमेव अर्थ म्हणून छापाल तर माझा विरोध कायम. गोविद् ऋग्वेदात आहे म्हणून गोविंद त्यातूनच आला हे सिद्ध होत नाही, मधला अनुस्वार कुठून आला ते तुमच्या वार्तिकाला नियम करून सांगावं लागलं. जे सहज बसतं त्याला वेगळा नियम लागत नाही. हरिवंशातला इंद्र छापा, नाहीतर दोन्ही छापा.

गंगापूर रोड:
अनुस्वार विन्दति या रूपातच आहे, वार्तिकानं तो बाहेरून आणलेला नाही, फक्त हे रूप नावात चालतं एवढं नोंदवलं. अरविंदाला तुम्ही कुठला इंद्र लावणार?

छापखान्यात आज मजकूर दिला: 'गोविंद – हरवलेलं शोधून आणणारा, श्रीकृष्ण आणि महागोविंद'. इंद्राला जागा नाही. मावशी, गोप्याची कुंची शिवून झाली आहे, पाळण्याच्या एका बाजूला तुम्ही उभ्या राहा, पत्ता वेगळा कळवतो.

पंचवटीची मावशी:
येते. पण मी 'गोपाळ घ्या' म्हणणार.