छोट्या रीफ टँकसाठी तिसरा मासा कोणता घेऊ?
मंडळी, मदत हवी आहे. घरी ७५ लिटरचा रीफ टँक (प्रवाळ असलेला खाऱ्या पाण्याचा फिश टँक) आहे, त्यात ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी. आता शेवटचा एकच मासा घ्यायचाय. फायरफिश देखणा, पण दचकला की उडी मारतो आणि माझ्या टँकवर जाळी नाही. शिवाय क्लाउनमधली मादी तिच्या कोपऱ्यात गोगलगाय आली तरी ढुसण्या देते. सिक्स-लाइन रॅस बाद, एवढ्याशा जागेत तो दादागिरी करतो. खरी ओढ यलो वॉचमन गोबीची आहे, सोबत पिस्टल श्रिंप ही कोळंबी. कोळंबी बीळ खणते, मिशी गोबीला टेकवून ठेवते, तो दारात पहारा देतो. पण माझा वाळूचा थर जेमतेम दीड इंच. तेवढ्यात बीळ टिकेल का, की आधी प्रवाळाचे तुकडे मिसळू? कुणी ही जोडी ठेवली असेल तर प्लीज सांगा.