ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात एसी २६ वर: पटतं का?

लष्करवासी:
मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि घरोघरी एसी १८ वर लागतो. माझं मत स्पष्ट आहे: एसी २६ वर ठेवा आणि जोडीला पंखा लावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ दाखवतात ते उगाच नाही. १८ लावलं की खोली लवकर गार होते, हाही भ्रमच. बिनइन्व्हर्टरचा एसी १८ वर काय नि २६ वर काय, गार त्याच वेगाने करतो; १८ वर तो थांबत नाही एवढंच. आणि कोरडी लू चालू आहे तोवर कूलर पुरतो.

दौलतगंजची सून:
दादा, हिशेब बरोबर आहे, पण आमचं घर वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेल्या दगडी भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतात. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, २६ वर त्यांचा डोळा लागत नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग उलट तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आणि कूलरला पाणी कुठून आणायचं? तिघरा धरण आटलं की नळ एक दिवसाआड येतो.

लष्करवासी:
ताई, सासूबाईंच्या खोलीत खुशाल २४ ठेवा, म्हाताऱ्या माणसांच्या जिवापुढे बिल काहीच नाही. पण ते ४० चं एसी बंद असलेल्या खोलीला लागू; २६ च्या हवेत पंखा गारवाच देतो. भिंतींसाठी उन्हं चढायच्या आत खिडक्या लावून घ्या, गच्चीवर चुना मारा.

मुरारवाले काका:
तुम्हा दोघांकडून मुख्य गोष्ट राहिली. संध्याकाळभर कूलर आणि झोपताना एसी, हे आपल्याकडे सर्रास चालतं. कूलर खोलीत ओल भरतो आणि एसी आधी ती ओल काढत बसतो. बाहेरच्या नळीतून पाणी ठिबकतं ना, ते हेच. त्यातही वीज जाते. कूलरचं पाणी तासभर आधी बंद करा, नुसती हवा फिरू द्या, मग एसी लावा. श्रावणात तर कूलर काढूनच ठेवावा, नुसती चिकचिक होते.

दौलतगंजची सून:
काकांचं पटलं, आजपासून तसंच करते. २६ मात्र नाही, २४ च्या वर मी जाणार नाही. आणि दादा, गच्ची घरमालकाची आहे. चुन्याचे पैसे त्यांनी द्यायचे की भाडेकरूंनी?