मुलीला सुतार पक्षी दाखवायचाय, सुरुवात कशी करू?

रेवाचीआई:
नमस्कार मंडळी. लेक साडेसहा वर्षांची आहे, आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. सोसायटीच्या मागे दोन नारळ आणि एक अर्धा वाळलेला गुलमोहर आहे, तिथून आठवडाभर रोज सकाळी ठकठक ऐकू येते आणि ही दात घासायचं सोडून गॅलरीत पळते. रविवारी ग्राउंडवर तुरेवाला पक्षी दिसला, मी म्हटलं हा बघ सुतार, माझ्या आजीने मला तसंच सांगितलेलं, तर म्हणते आई हा तर जमिनीत चोच खुपसतोय, सुतार झाडावर असतो ना? आणि ठोकून ठोकून त्याचं डोकं दुखत नाही का? मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाही. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत पण मला तिला खरा पक्षी दाखवायचाय. दुर्बीण घेऊ का?

टेकडीवाला:
ताई, लेकीने बरोबर पकडलं. तो हुदहुद. आपल्याकडे निम्मे लोक त्यालाच सुतार म्हणतात कारण चोच लांब आणि डोक्यावर तुरा, पण तो गवतातले किडे खातो, लाकूड ठोकत नाही. तुमच्या गुलमोहरावर बहुतेक सोनपाठी सुतार असणार, पाठ सोनेरी पिवळी, तुरा लाल. मादीच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके असतात, नराचं पूर्ण डोकं वरून लाल, हे पोरांना शोधायला फार आवडतं. आणि एकसारखं टुक टुक टुक चालू असेल तर तो तांबट, चिमणीएवढा हिरवा, तो आवाज गळ्यातून काढतो, ठोकण्याचा नाही. पण वाळक्या फांदीत भोक तोही पाडतो त्यामुळे गोल भोक दिसलं की सुतारच असं नाही. दुर्बीण आत्ता नको, एवढ्या लहान मुलांना ती डोळ्याला लावून पक्षी सापडत नाही आणि मग चिडतात. आधी कानाने शोधू दे.

शाळेतली_ताई:
मी चौथीपर्यंत शिकवते. डोकं दुखण्याचा प्रश्न दरवर्षी येतो. पूर्वी आम्ही सांगायचो की त्याच्या डोक्यात स्पंजासारखं हाड आहे ते धक्का शोषतं, पण 2022 मध्ये शास्त्रज्ञांनी हायस्पीड व्हिडिओ तपासले तर डोकं ताठ हातोड्यासारखंच चालतं असं दिसलं, मेंदूच इतका लहान की त्याला इजा होत नाही. मी मुलांना सरळ सांगते की आधी आम्हाला चुकीचं वाटत होतं, त्यांना ते ऐकायला आवडतं. सुताराची जीभ कशी असते ते दाखवायला लाल रिबीन घ्या, एक टोक लेकीच्या हनुवटीपाशी धरा, तिथून कानाखालून मानेमागे न्या आणि डोक्यावरून नाकापर्यंत आणा. जिभेला आधार देणारी हाडं कवटीभोवती अशी वळलेली असतात म्हणून जीभ भोकात लांबवर जाते. आणि झाडूचा दांडा उभा धरून दोन बोटं पुढे दोन मागे करून धरायला सांगा, सुताराचे पाय तसे असतात. मैनेची तीन पुढे एक मागे. वर्गात यावर अर्धा तास गोंधळ चालतो, चालू द्यायचा.

नारळीबाग:
आमच्या वाडीत एक मेलेला माड बाबांनी मुद्दाम ठेवलाय. सुताराने भोक केलं, पिल्लं उडाली, पुढच्या वर्षी त्यात मैना आली, त्याच्या पुढच्या वर्षी राघू. मैना, पिंगळा, दयाळ, कोणालाच स्वतः भोक पाडता येत नाही. माझ्या मुलाला मी पक्ष्याआधी ते भोकच दाखवलं, आता कोणाकडे गेलो की आधी वाळकं झाड शोधतो. एक विनंती, घरटं असेल तर खाली गर्दी करू नका आणि मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावू तर अजिबात नका, तो पिल्लांना सोडून भांडायला येतो.

रेवाचीआई:
सगळ्यांचे खूप आभार!! आज सकाळी सहा वाजता दोघी गच्चीत जाऊन बसलो. सोनपाठीच आहे, आणि कपाळावर ठिपके, म्हणजे मादी, ते रेवानेच आधी पाहिलं. पण गुलमोहराच्या ज्या फांदीत तिचं भोक आहे, सोसायटी पावसाआधी तीच फांदी तोडणार आहे.

टेकडीवाला:
ताई, महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेतलीय का आधी विचारा, फांदी तोडायलाही लागते. रस्त्यावर झुकली नसेल तर निदान पिल्लं उडेपर्यंत थांबायला सांगा. लेकीला मीटिंगला घेऊन जा.

रेवाचीआई:
नेते. ती फांदीचं चित्र काढतेय, भोकासकट.