मुलाने स्वतःचा टॅक्स रिटर्न भरला, आता आमचा रिजेक्ट झाला. फॅफ्साचं (कॉलेजसाठी सरकारी मदत मागण्याच्या अर्जाचं) काय होणार?

एडिसनची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर असतो. जन्म इथलाच, त्यामुळे तो सिटिझन. आम्ही दोघं अजून व्हिसावरच. नवऱ्याचा एच-१बी (नोकरीचा), माझा एच-४ (त्याची बायको म्हणून). मला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, आयटीआयएन (त्याऐवजी टॅक्सपुरता मिळणारा नंबर) आहे.

गेल्या उन्हाळ्यात मुलाने एका किराणा दुकानात काम केलं. डब्ल्यू-२ वर (मालकाने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या कागदावर) ७,१२० डॉलर, त्यातले ३१८ फेडरल टॅक्सचे कापलेले. फेब्रुवारीत एका रात्री त्याने फोनवरच एका फुकट अ‍ॅपमधून रिटर्न भरून टाकला आणि सकाळी मला सांगितलं, "आई, माझा टॅक्स मी भरला." मला इतकं कौतुक वाटलं की लगेच डोंबिवलीला त्याच्या आजीला फोन लावला.

काल आम्ही आमचा रिटर्न पाठवला, तो तासाभरात परत! मुलाचा नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर आहे म्हणे. त्याचा फोन घेऊन बघितलं. "दुसरं कोणी तुम्हाला डिपेंडंट (म्हणजे त्यांच्या खर्चावर अवलंबून) दाखवू शकतं का?" याला त्याने "नाही" म्हटलंय. का, तर "मी कमावतो ना!"

त्यात रूममेटने त्याला सांगितलंय की स्वतःचा रिटर्न भरलास म्हणजे तू इंडिपेंडंट, फॅफ्सात आईबाबांचा पगार लिहूच नकोस, जास्त एड (शिक्षणाची मदत) मिळेल. २०२६-२७ चा फॅफ्सा अर्धवट भरून पडलाय. ३१८ डॉलर परत करावे लागतील का? एड जाईल का? १५ एप्रिल तोंडावर आलाय, रात्री झोप नाही.

लायब्ररीतले_काका

ताई, आधी शांत व्हा. मी अकरा वर्षं व्हिटामध्ये, म्हणजे आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) फुकट रिटर्न भरून देण्याच्या कार्यक्रमात, स्वयंसेवक आहे. दर सीझनला शनिवारी लायब्ररीत बसतो आणि तुमचीच गोष्ट घेऊन कोणी ना कोणी येतंच. मागे एक मुलगी आली होती, पाकिटातून चार घड्या घातलेला डब्ल्यू-२ काढला आणि रडायलाच लागली. तिलाही वाटलं होतं, आपण काही गुन्हा केला.

रिटर्न भरला यात मुलाचं काहीच चुकलेलं नाही. एवढ्या कमाईवर सक्ती नव्हती, पण भरला नसता तर ते ३१८ सरकारकडेच राहिले असते. चुकलं ते एक उत्तर. तिथे "कमावतोस का" असं विचारलेलंच नाही. "दाखवू शकतं का" असं विचारलंय. २४ च्या आतला, वर्षातले किमान पाच महिने फुल टाइम शिकणारा, आणि स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः न उचलणारा मुलगा असेल तर उत्तर "हो"च. हॉस्टेलचे महिने तुमच्या घरातलेच धरतात.

आता त्याचे पैसे. २०२५ साठी डिपेंडंटचं स्टँडर्ड डिडक्शन (ज्यावर टॅक्स लागत नाही ती रक्कम) त्याच्या बाबतीत कमाई अधिक ४५०, म्हणजे ७,५७०. कमाई त्याहून कमी, म्हणून टॅक्स शून्यच. ३१८ त्याचेच आहेत. त्याला १०४०-एक्स, म्हणजे रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म, भरायला बसवा. कारण म्हणून एक सरळ वाक्य पुरतं. फक्त एवढं बघा, त्याने १०९८-टी (कॉलेजने दिलेला फीचा फॉर्म) टाकून शिक्षणाचं क्रेडिट (टॅक्समधली सूट) तर घेतलं नाही ना? घेतलं असेल तर तेवढे परत द्यावे लागतील.

तो फॉर्म प्रोसेस व्हायला दोन-तीन महिने सहज जातात. तुम्ही त्याच्यासाठी थांबू नका. तुमच्या रिटर्नवर ज्यांचं नाव पहिलं आहे त्यांनी आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून आयपी पिन (ओळख पटवणारा नंबर) घ्यावा आणि तो टाकून पुन्हा ई-फाइल करावं. २०२५ च्या सीझनपासून असा रिटर्न मुलाचा नंबर आधी वापरलेला असला तरी घेतात. पिन जमला नाही तर कागदावर भरून पोस्टाने पाठवा. आळस करू नका, कारण उत्पन्न मर्यादेत असेल तर शिक्षणाचं २,५०० पर्यंतचं क्रेडिट आणि डिपेंडंटचे ५०० तुमच्याच रिटर्नवर मिळतात.

फॅफ्साचा "डिपेंडंट" हा शब्द मात्र वेगळा आहे, त्याचा टॅक्सशी संबंध नाही. २०२६-२७ साठी १ जानेवारी २००३ च्या आधीचा जन्म, लग्न, पदरी मूल, सैन्यातली नोकरी, अनाथ असणं अशी मोजकी कारणं आहेत. स्वतः रिटर्न भरणं, वेगळं राहणं, आईवडिलांनी रिटर्नवर न दाखवणं, यातलं एकही चालत नाही. रूममेटचं ऐकून खोटं लिहून सही करायला लावू नका, पोराचं वाटोळं होईल. आणि हा फॅफ्सा २०२४ चं उत्पन्न बघतो. त्याचा हा रिटर्न २०२७-२८ च्या फॅफ्साला लागेल, तोवर दुरुस्त झालेला असेल.

एडिसनची_आई

काका, तुमचे उपकार कसे फेडू! बघितलं, १०९८-टी टाकलेला नाही. एकच विचारते. फॅफ्सात पालक म्हणून माझंही ऑनलाइन खातं लागेल का? आणि पुण्यात वारज्याला नवऱ्याच्या नावावर एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. तो भारतातला, मग सोडून द्यायचा ना?

फ्रीमाँटची_मावशी

यावर मी सांगते, मी दोन मुलांचं निस्तरलंय. तुम्ही दोघं जॉइंट रिटर्न भरत असाल तर एकाच पालकाचं खातं पुरतं. नवऱ्याला करू दे. पण आयआरएसकडून माहिती घ्यायला संमती त्यानेही द्यायची आणि मुलानेही. एकाचीही राहिली तर फेडरल मदत बंद, मग रिटर्न कितीही नीट असो.

फ्लॅट सोडायचा नाही. आम्हीही पहिल्या वर्षी कर्वेनगरचा सोडला होता, भारतातला कोण बघतंय असं वाटून. नंतर कळलं, राहतं घर सोडून असे बाकीचे फ्लॅट मोजतात, मग ते कुठेही असोत. आजच्या किमतीतून कर्ज वजा करून लिहायची. दुरुस्ती केली तेव्हा कुठे जिवाला स्वस्थता लागली. ४०१-के (नोकरीतली निवृत्तीची बचत) मात्र लिहायचं नसतं.

आणि मुलाने दुकानातले पैसे त्याच्या बँकेच्या खात्यात साठवले असतील तर त्यातले २० टक्के कॉलेजच्या खर्चासाठी आहेत असं धरतात. तुमच्या बचतीतले जास्तीत जास्त ५.६४. म्हणून माझी मुलं पुस्तकं आणि लॅपटॉप फॅफ्सा भरण्याआधी स्वतःच्या खात्यातून घेतात.

एडिसनची_आई

आज रविवारी मुलगा घरी आला होता. पोहे खाता खाता १०४०-एक्स भरला. कारणाचं वाक्य मी सांगायला लागले तर म्हणाला, "आई, मी लिहितो." लिहिलं: माझे आईवडील माझा खर्च करतात, मला डिपेंडंट दाखवू शकतात, मी चुकून नाही म्हटलं. आमचा रिटर्न आयपी पिन टाकून दुपारी पाठवला, संध्याकाळी स्वीकारल्याचा मेल आला. फ्लॅटची किंमत विचारायला दिराला वारज्यात मेसेज केलाय. तिथे पहाट आहे, उठला की सांगेल.